पुनरुत्थानाच्या सणाची तयारी: आपला उपास कोणाच्या ताटापर्यंत पोहोचतो?

संत्रानगरीकर | १६ फेब्रुवारी २०२६

सर्वांना सलाम.

येत्या बुधवारी, १८ फेब्रुवारीला, राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस आहे आणि पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) ५ एप्रिलला येत आहे. मधले दिवस मोजले तर ४६ भरतात. त्यांतील ६ रविवार वगळले की ४० उरतात, कारण प्रत्येक रविवार हा प्रभू येशूच्या मरणातून उठण्याचाच दिवस असल्यामुळे त्या दिवशी उपास धरत नाहीत. हे गणित मला लहानपणापासून पाठ आहे. हे ४० दिवस कशासाठी असतात, ते मात्र मला गेल्या वर्षी फार उशिरा आणि फार लाजिरवाण्या रीतीने कळले. ते आधी सांगते, म्हणजे हा धागा का काढला आहे ते लक्षात येईल.

गेल्या वर्षी मी दर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत काही न खाण्याचा नेम धरला होता. मार्चमधल्या एका शुक्रवारी, दुपारी ऊन चांगलेच तापलेले असताना, आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी न सांगता घेतलेल्या दोन दिवसांच्या खाड्यानंतर कामावर आल्या. मुलगा आजारी होता, असे त्या म्हणाल्या. मी भुकेने आणि उन्हाने चिडलेली होते. मी त्यांचे नीट ऐकून घेतले नाही, दोन दिवसांचे पैसे कापले आणि वर चार शब्दही ऐकवले. त्याच संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थनेत वाचन करण्याची पाळी यजमानांची होती आणि त्यांनी बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ५८ वा अध्याय काढला. दुपारचा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. त्या अध्यायात लोक देवाला विचारतात की, आम्ही उपास केला तो तू का पाहत नाहीस, आणि उत्तर येते की, उपासाच्या दिवशीच तुम्ही आपलाच स्वार्थ साधता आणि आपल्या कामकऱ्यांना राबवून घेता. त्यानंतर माझा उपास सोडायचा होता. समोर वाढलेले ताट मला जड झाले.

कापलेले पैसे मी पुढच्या महिन्याच्या पगारात गुपचूप घालून दिले. क्षमा मात्र मागितली नाही. सण आला, पहाटेच्या उपासनेला आम्ही सगळे गेलो, गीते म्हटली, आणि ते न मागितलेले शब्द माझ्या मनात तसेच राहिले.

म्हणून या वर्षी मला ही तयारी वेगळ्या क्रमाने करायची आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायात प्रभू दानधर्म, प्रार्थना आणि उपास या तिन्हींविषयी एकापाठोपाठ बोलतो, आणि तिथे दानधर्म पहिला येतो, उपास शेवटी. आम्ही बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतो: आधी काय सोडायचे ते ठरवतो, मग जमेल तशी प्रार्थना, आणि वेळ व पैसा उरला तर दान. हा अध्याय डोंगरावरील प्रवचनातला आहे. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक नागपूरहून राजनांदगावला जात असताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि पुढे तो वाचताना याच प्रवचनापाशी ते खिळून राहिले, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहेच. आपल्याच गावाहून निघालेल्या त्या प्रवासाची आठवण ठेवून हा अध्याय या वेळी तरी सावकाश वाचावा, असे वाटते.

आपापल्या घरी आणि मंडळीत हे तीन धागे एकत्र कसे विणले जातात, ते कृपया सविस्तर लिहावे.

सदरचा_रहिवासी | १६ फेब्रुवारी २०२६

ताई, आपण मोकळेपणाने लिहिलेत, म्हणून मलाही लिहावेसे वाटले. आम्ही कॅथलिक आहोत. बुधवारी कपाळावर जी राख लावली जाते, ती गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी घरी नेलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. ज्या झावळ्या हलवून आपण होसान्ना म्हटले त्यांचीच राख कपाळी येते आणि ‘तू माती आहेस’ याची आठवण दिली जाते, हे मला दर वर्षी नव्याने जाणवते.

नियमांचे म्हणाल, तर आमच्याकडे बंधनकारक उपास दोनच दिवस आहेत: राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे). वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत तो लागू असतो. दिवसात एक पूर्ण जेवण घेता येते आणि दोन वेळा थोडेसे, जे मिळून एका जेवणाइतके होणार नाही. मांसाहार मात्र या दोन दिवशी आणि उपवासकाळातील सर्व शुक्रवारी १४ वर्षांवरील सर्वांनी वर्ज्य करायचा असतो. नियम इतका हलका आहे की तो पाळून कोणी स्वतःला तपस्वी समजू नये. तो फक्त उंबरठा आहे, त्याच्या आत किती जायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे असते. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही क्रूसाच्या वाटेची १४ स्थाने करतो, म्हणजे प्रभूच्या दुःखसहनाचे १४ प्रसंग आठवून प्रार्थना करतो, आणि सणाच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीपर्यंत उपासनेत ‘आलेलूया’ हा शब्द उच्चारत नाही. इतके दिवस न म्हटलेला तो शब्द त्या रात्री ओठांवर येतो तेव्हा अंगावर काटा येतो.

माझे वडील रेल्वेत होते. उपवासकाळात ते कामावरचा संध्याकाळचा चहा सोडत आणि त्याचे पैसे रोज दुधाच्या भुकटीच्या रिकाम्या डब्यात टाकत. पवित्र आठवड्यात तो डबा तसाच फादरांकडे जाई. किती जमले ते मोजू या, असा आम्हा मुलांचा हट्ट असे, पण वडील डबा कधीही मोजू देत नसत. मोजला की उजव्या हाताचे डाव्या हाताला कळते, असे ते म्हणत. आज माझ्या घरी डबा आहे, पण तो न मोजण्याचा संयम माझ्यात अजून आलेला नाही.

महालकर | १७ फेब्रुवारी २०२६

मी ख्रिस्ती नाही, तरी या चर्चेत आदरपूर्वक सहभागी होण्याची अनुमती असावी. परवाच महाशिवरात्र झाली. आमच्या घरी साबुदाणा, भगर, रताळे, शेंगदाण्याची आमटी असे इतके पदार्थ होतात की आमची आजी ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण प्रत्येक उपासाला आठवणीने ऐकवत असे. उपवास म्हणजे जवळ राहणे, देवाच्या सान्निध्यात वास करणे, असेही तीच सांगे. याच आठवड्यात रमजानही सुरू होत आहे, म्हणजे या गावातल्या तीन परंपरांचे उपास काही दिवसांच्या अंतराने येत आहेत. माझे प्रश्न दोन आहेत. आपल्याकडे उपासाला काय चालते आणि काय चालत नाही, याची काही यादी आहे काय? आणि न खाल्लेल्या अन्नाचे पुढे काय होते?

संत्रानगरीकर | १७ फेब्रुवारी २०२६

महालकर, आपले मनापासून स्वागत. आपला दुसरा प्रश्न हाच खरे तर या धाग्याचा गाभा आहे.

उपासाला चालणाऱ्या पदार्थांची यादी आमच्या मंडळीत नाही. कोणी एक वेळचे जेवण सोडते, कोणी दुपारी तीनपर्यंत काही घेत नाही, कोणी मांसाहार सोडते. यात एक फसगत मात्र आम्हीही करतो. रविवारचे सावजी मटण चाळीस दिवस बंद ठेवायचे आणि त्याऐवजी पनीर, मलई, सुकामेवा आणायचा, म्हणजे उपासाचा खर्च नेहमीपेक्षा जास्त व्हायचा. आपल्या आजींची म्हण आम्हालाही तंतोतंत लागू पडते.

न खाल्लेल्या अन्नाचे काय, याचे उत्तर फार जुन्या काळी दिले गेले आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये हर्मास नावाच्या एका ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवले आहे की, उपासाच्या दिवशी केवळ भाकर आणि पाणी घ्यावे, त्या दिवशी एरवी जे खाल्ले असते त्याची किंमत काढावी, आणि ती रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी. किती साधी आणि किती काटेकोर सूचना आहे ही! ‘यथाशक्ती काहीतरी द्या’ असे त्याने म्हटले नाही, हिशेब करायला सांगितला. माझ्या पोटातली रिकामी जागा आणि दुसऱ्याच्या ताटातला घास यांचा थेट संबंध त्याने जोडून दिला. पुढे संत ऑगस्टीनने उपास आणि दान हे प्रार्थनेचे दोन पंख आहेत असे सांगितले, ते याच अर्थाने. एक पंख नसेल तर प्रार्थना उडत नाही, आणि गेल्या वर्षी माझी प्रार्थना त्या शुक्रवारी अंगणातच पडलेली होती.

मी स्वतःपुरता हिशेब केला. शुक्रवारचा सकाळचा नाश्ता आणि दुपारचे जेवण मिळून माझ्या एकटीचे सुमारे ७० रुपये होतात. रक्कम लहान आहे. पण ती कोणाकडे जाणार आहे, ते आधी ठरवायचे आणि त्या माणसाला नावाने ओळखायचे, असे मी ठरवले आहे. सदरच्या दादांच्या वडिलांनी डबा मोजला नाही आणि हर्मास मात्र मोजायला सांगतो, यात मला विरोध वाटत नाही. भूक किती वाचली ते मोजावे. आपण किती दिले त्याची बेरीज मात्र मनात ठेवू नये.

वचन_पुरेसे | १९ फेब्रुवारी २०२६

सर्वांविषयी प्रेम ठेवून एक आक्षेप नोंदवतो. राखेचा बुधवार किंवा ४० दिवसांचा उपवासकाळ पाळण्याची आज्ञा नव्या करारात कुठेही नाही. खाण्यापिण्याविषयी आणि सणांविषयी कोणी तुम्हाला दोष लावू नये, असे पौल कलस्सैकरांना स्पष्ट लिहितो. माणसांनी घातलेले नियम पाळून आपण देवाजवळ जातो असा समज तरुणांमध्ये रुजू नये, म्हणून लिहावे लागले. आमच्या मंडळीत हा काळ पाळत नाहीत, पण उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा दिवस आम्ही मोठ्या भक्तीने पाळतो.

संत्रानगरीकर | १९ फेब्रुवारी २०२६

दादा, आज्ञा नाही हे पूर्ण मान्य आहे. ४० दिवसांचा उल्लेख इ. स. ३२५ च्या निकिया परिषदेच्या नियमांत येतो, म्हणजे प्रथा जुनी असली तरी ती मंडळीने घडवलेली आहे. कोणी ती पाळत नसेल तर त्याला दोष लावण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि तेच वचन पाळणाऱ्यालाही संरक्षण देते. मात्र उपास ही गोष्टच अनावश्यक आहे असे म्हणता येणार नाही. वर, म्हणजे नवरदेव (प्रभू स्वतः), काढून घेतला जाईल तेव्हा माझे शिष्य उपास करतील, असे प्रभू स्वतः म्हणाला, आणि ‘जर उपास कराल तर’ असे न म्हणता ‘कराल तेव्हा’ अशीच त्याची भाषा आहे. अंत्युखियातील मंडळीने उपास व प्रार्थना करूनच बर्णबा आणि शौल यांना पाठवले.

उपासाने आपण तारण मिळवतो असे माझ्या मनात नाही. मला माझे पोट, माझा राग आणि माझा बटवा हे तिन्ही एकदम त्याच्यापुढे ठेवायचे आहेत आणि त्यासाठी मला दिवस ठरवून घ्यावे लागतात, एवढेच. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच नागपुरात, ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात, निरनिराळ्या सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. त्या गावात राहून आपण एकमेकांच्या रीती ऐकून घेऊ शकतो, याचा मला आनंद आहे. आपण लिहीत राहावे.

निवृत्त_परिचारिका | २१ फेब्रुवारी २०२६

मी अनेक वर्षे रुग्णसेवा केली आहे, म्हणून दोन बाबतींत लिहिते.

पहिली बाब उपासाची. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नये, कारण औषध पोटात गेलेले असते आणि अन्न नसते, तेव्हा रक्तातील साखर एकाएकी उतरते. हातपाय थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे दिसताच साखरेचे पाणी घ्यावे आणि त्यानंतर जेवावे. अशा वेळी उपास सोडण्यात कोणतेही पाप नाही. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, आजारी माणसे आणि थकलेले वृद्ध यांना परंपरेनेही मोकळीक दिलेली आहे. मार्चच्या अखेरीस आपल्याकडचे ऊन कसे असते ते सांगायला नको, तेव्हा पाणी कोणीही बंद करू नये. ज्यांना अन्न सोडता येत नाही त्यांच्यासाठी क्रिसोस्तोम या चौथ्या शतकातील धर्मगुरूचे सांगणे मला फार मोलाचे वाटते: केवळ तोंडाने उपास करू नये, डोळ्यांनी, कानांनी, हातापायांनीही करावा. कोणाची निंदा कानांवर न घेणे हा कानांचा उपास आहे, आणि तो इन्सुलिन घेणाऱ्यालाही पूर्ण करता येतो.

दुसरी बाब दानाची. या दिवसांत अनेक मंडळ्यांचे तरुण मेडिकल चौकाकडे, सरकारी रुग्णालयापाशी, अन्न वाटायला जातात. हेतू उत्तम असतो. परंतु गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा इथून रुग्णाला घेऊन आलेल्या माणसाला काय हवे असते, ते आपण क्वचितच विचारतो. एकाच संध्याकाळी चार ठिकाणांहून मसालेभात येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीच येत नाही. गोड वाटले जाते आणि घेणाऱ्याला मधुमेह असतो. पुष्कळदा त्याची गरज अगदी वेगळी असते: चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते समजावून सांगणारा कोणीतरी, कोणत्या खिडकीशी रांग लावायची ते दाखवणारा, रुग्णाजवळ अर्धा तास बसून त्याला स्नान करून यायला मोकळे करणारा, अंथरायला एक चटई, पिण्याचे थंड पाणी. गोंडी किंवा छत्तीसगढी बोलणारा कोणी आपल्यात असेल तर त्याने दिलेला एक तास अन्नाच्या पाकिटांहून मोठा ठरतो. म्हणून माझी विनंती आहे की, जाताना आधी रिकाम्या हाताने जा, जवळ बसा, विचारा, आणि मग दुसऱ्या दिवशी जे हवे ते घेऊन जा. आणि कृपया छायाचित्रे काढू नका. आजारी माणसाचा नातेवाईक हात पसरून अन्न घेतो आहे, हे त्याच्या गावाने पाहण्याचे काहीच कारण नाही.

कोट्टायम_नागपूर | २३ फेब्रुवारी २०२६

माझा जन्म नागपूरचा, घरची परंपरा केरळातील मलंकरा ऑर्थोडॉक्स मंडळीची. आमच्याकडे हा उपास ५० दिवसांचा मानतात आणि त्यात मांस, मासे, अंडी, दूध हे सारे वर्ज्य असते. पवित्र गुरुवारी रात्री घरातील वडीलधारी व्यक्ती बेखमीर पेसहा (वल्हांडणाची) भाकर मोडून सर्वांना देते, सोबत गूळ आणि नारळाच्या दुधाचे पेय असते. ज्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला असेल तिथे ती भाकर करत नाहीत. शेजारी आणि नातेवाईक आपल्या घरची नेऊन देतात. माझे वडील गेले त्या वर्षी आमच्या दारी तीन घरांतून भाकर आली होती. दान म्हटले की मला आजही प्रथम तेच आठवते.

मिहानमध्ये_नोकरी | १ मार्च २०२६

सर्वांचे वाचून संकोचाने लिहीत आहे. उपास मला जमतो, पैसे देणेही जमते. प्रार्थना जमत नाही. रात्रपाळी करून घरी येतो, डोळे मिटले की झोप लागते किंवा कामाचेच विचार येतात. दहा दिवस सरले आणि मी नीट पाच मिनिटेही प्रार्थना केलेली नाही. अशाने पुढचे सारे व्यर्थ आहे काय?

संत्रानगरीकर | १ मार्च २०२६

बाळा, व्यर्थ मुळीच नाही. जमत नाही हे देवापुढे कबूल करणे ही प्रार्थनाच आहे. लूकच्या १८ व्या अध्यायातला जकातदार दूर उभा राहून एकच वाक्य बोलला आणि नीतिमान ठरून घरी गेला. त्याच गोष्टीतला परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, आठवड्यातून दोनदा उपास करत होता आणि दशमांशही देत होता, हेही त्याच गोष्टीत आहे.

स्वतःचे शब्द सुचत नसतील तर उसने घे. स्तोत्रसंहितेतील ६, ३२, ३८, ५१, १०२, १३० आणि १४३ ही सात स्तोत्रे मंडळी फार पूर्वीपासून पश्चात्तापाची स्तोत्रे म्हणून म्हणत आली आहे. आता सणापर्यंत पाच आठवडे आहेत. त्यांतून लहानांपैकी दोन-तीनच निवड, आणि एक स्तोत्र सलग आठवडाभर रोज मोठ्याने वाच. १३० वे अवघे आठ वचनांचे आहे आणि त्यात पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांची उपमा आहे. रात्रपाळी करणाऱ्याला ती आमच्यापेक्षा अधिक कळेल. घरी पोहोचून अंथरुणावर बसण्यापूर्वी, चपला काढता काढताच वाचून टाक. आणि ज्याला तू मदत देतोस त्याचे नाव त्या स्तोत्राच्या शेवटी घे. मी हेच करून पाहते आहे. नाव घेतले की मन भटकले तरी परतायला एक जागा असते.

मिहानमध्ये_नोकरी | १६ मार्च २०२६

१३० वे पाठ झाले. धन्यवाद, काकू.

सदरचा_रहिवासी | ३ एप्रिल २०२६

काल आज्ञा गुरुवारी (पवित्र गुरुवारी) रात्री पाय धुण्याचा विधी झाला आणि बाहेर पडलो तर समोर चैत्री पौर्णिमेचा पूर्ण चंद्र होता. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणाऱ्या रविवारी आपला सण असतो, हे पुस्तकात वाचले होते, काल ते आकाशात पाहिले. आज दुपारी बारा ते तीन मंडळीत बसून राहिलो. ताई, एक विचारू काय? आपण पहिल्या दिवशी ज्या मावशींविषयी लिहिले होते, त्यांचे पुढे काय झाले? उत्तर द्यायचे नसेल तर दिले नाही तरी चालेल.

संत्रानगरीकर | ४ एप्रिल २०२६

दादा, विचारलेत ते बरे केले.

राखेच्या बुधवारी सकाळी, मंडळीत जाण्याआधी, मी त्यांना स्वयंपाकघरात खुर्ची दिली आणि गेल्या वर्षीच्या त्या दुपारबद्दल क्षमा मागितली. मला वाटले होते त्या ‘जाऊ द्या’ म्हणतील. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मले वाटलं तुम्ही विसरून गेल्या असान. मी नाही विसरली.” मग त्यांनी सांगितले की, त्या आठवड्यात मुलाच्या औषधासाठी त्यांनी व्याजाने पैसे घेतले होते आणि मी कापलेली रक्कम त्याच हप्त्याची होती. मी नंतर पैसे भरून दिले, पण तोवर व्याज चढलेले होते. हे सारे मला वर्षभर ठाऊक नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते. ते व्याज मी त्यांना आग्रहाने दिले, आणि ते मी दानात धरलेले नाही, कारण ते माझे देणेच होते.

महिन्याला चार पगारी सुट्ट्या ठरल्या आहेत, आजारपण त्याहून वेगळे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या त्यांच्याच हाताने खुणा करतात. शुक्रवारचे पैसे दुसऱ्या एका कुटुंबाकडे गेले, त्याविषयी इथे लिहीत नाही.

आज जाताना त्यांनी विचारले, उद्या तुमचा सण आहे, पाहुणे येतील, तर लवकर येऊ काय? उद्याच्या तारखेवर त्यांचीच खूण आहे, ती मी दाखवली. पहाटेच्या उपासनेसाठी चारचा गजर लावला आहे, आणि रात्रीची भांडी आता मी घासायला घेते.